आपल्या स्टेशनचा इतिहास कसा जमवायचा: मराठवाड्यापुरती कामाची पद्धत

'आपलं स्टेशन कधीचं?' असं गावात विचारलं की तीन म्हातारे तीन सालं सांगतात, आणि बऱ्याचदा तिघंही बरोबर असतात. एक जण पहिली गाडी आली ते साल सांगतो, दुसरा दगडी इमारत बांधली ते, तिसऱ्याच्या लेखी स्टेशन म्हणजे मोठी लाईन (ब्रॉडगेज) झाल्यावरचं. स्मरणिका आणि माहितीफलक इथेच घसरतात. 'स्थापना 1900' असं एक साल ठोकून देतात आणि पुढचा प्रत्येक लेखक तेच उतरवतो.

म्हणून काम सुरू करताना पहिल्याच पानावर सहा ओळी आखा: मार्ग खुला झाला, स्टेशन खुलं झालं, आजची इमारत बांधली, गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदललं, नाव बदललं, दर्जा बदलला (हॉल्टचं, म्हणजे स्टेशन मास्तर नसलेल्या छोट्या थांब्याचं स्टेशन किंवा स्टेशनचं हॉल्ट). या सहा वेगवेगळ्या तारखा आहेत. प्रत्येकीपुढे तारीख, पुरावा आणि खात्री असे तीन रकाने ठेवा. खात्रीच्या रकान्यात फक्त 'पक्की', 'बहुतेक' आणि 'ऐकीव' यांतला एक शब्द. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. रिकाम्या रकान्याने कुणाचं नुकसान होत नाही, चुकीच्या सालाने होतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्या. मुकुंदवाडी छत्रपती संभाजीनगरच्या वस्तीत आहे, माळटेकडी नांदेडच्या आणि हरंगुळ लातूरच्या कडेला. लोक यांना उपनगरातली स्टेशनं म्हणतात. रेल्वेच्या कागदात मात्र 'उपनगरी' हा वेगळा गट आहे, तो मुंबईच्या लोकलसारख्या सेवेच्या स्टेशनांचा. 2017 पासून स्टेशनांचे तीन गट आहेत: एनएसजी म्हणजे बिगर-उपनगरी, एसजी म्हणजे उपनगरी आणि एचजी म्हणजे हॉल्ट. मराठवाड्यातलं स्टेशन शहराच्या पोटात असलं तरी ते पहिल्या किंवा तिसऱ्या गटात सापडेल. माहिती मागताना 'उपनगरी स्टेशन' असं लिहिलंत, तर अर्ज भलत्याच टेबलावर फिरत राहील.

आधी स्टेशन वाचा, मग कागद

लोक उलटं करतात. आधी नेटवर शोधतात, तिथलं साल डोक्यात बसतं आणि मग स्टेशनवर तेच दिसू लागतं. आधी स्टेशनवर जा. बरोबर हवं ते एवढंच: मोजपट्टी, पांढरा खडू, टॉर्च, वही, मोबाईल आणि दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट. ते दोन तास चालतं. आत गेल्यावर आधी स्टेशन मास्तरांना भेटून काय करतोय ते सांगा. फलाटावरून जे दिसतं तेवढंच पाहा. रुळात उतरू नका. परवानगीशिवाय रेल्वे हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पहिली पाहणी फलाट आणि इमारतीचं जोतं यांची. मीटरगेजच्या काळात फलाट रुळापासून फूट-दीड फूटच वर असायचा. आजचा ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून 760 ते 840 मिलिमीटर असतो. फलाट उचलला तरी जुनी इमारत जागच्या जागीच राहिली. त्यामुळे जिथे फलाटावरून दोन पायऱ्या खाली उतरून ऑफिसात जावं लागतं, खिडकीचा उंबरा गुडघ्याशी येतो आणि पावसाळ्यात पाणी दाराशी साचतं, तिथे इमारत रुंदीकरणाच्या, म्हणजे मीटरगेजचं ब्रॉडगेज होण्याच्या, आधीची समजा. इमारतीचं जोतं फलाटाच्या बरोबरीत किंवा वर असेल तर ती बहुधा नंतरची. मधे फरशी बदलली असेल तर हा अंदाज फसतो. म्हणून आतल्या खोलीची जमीन आणि बाहेरचा फलाट, दोन्हीची उंची मोजून लिहा.

दुसरी पाहणी भिंतीची. काळ्या पाषाणाचं घडीव काम, चुन्याच्या दर्जा (दगडांमधले भरलेले सांधे), दारांवर दगडी कमानी आणि वर मंगळुरी कौलं असा साज दिसला तर सिमेंट-काँक्रीटच्या आधीचा काळ धरायला हरकत नाही. कौल उतरवलेलं मिळालं तर पाठ पाहा, कारखान्याचं नाव ठशात असतं. पण कौलं बदलली जातात, तेव्हा कौलाच्या वयावरून भिंतीचं वय ठरवू नका. पाण्याची जुनी टाकी असेल तर जवळून पाहा. पत्रे रिव्हेटने जोडले आहेत की वेल्डिंगने? रिव्हेटची टाकी जुनी. टाकीजवळ विहीर आणि रुळाच्या कडेला उभा पाण्याचा खांब असेल, तर तिथे वाफेची इंजिनं पाणी भरत होती. प्रत्येक स्टेशनावर ही सोय नव्हती, म्हणून ती सापडली तर नोंद मोलाची.

तिसरी आणि सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे जुना रूळ. रेल्वे काही टाकून देत नाही. काढलेले रूळ शेडचे खांब होतात, कुंपण होतात, पादचारी पुलाचे पाय होतात. एखादा तुकडा घंटा म्हणून टांगलेला असतो. रुळाच्या पोटावर, म्हणजे माथा आणि तळ यांच्या मधल्या उभ्या पट्टीवर, उठावदार अक्षरं असतात: कारखान्याचं नाव, महिना-साल आणि रुळाचा प्रकार. रंगाचे थर चढल्याने ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. खडू आडवा धरून हलक्या हाताने घासा, मग टॉर्च खांबाला जवळपास चिकटवून बाजूने उजेड टाका आणि फोटो काढा. रंग खरवडू नका. सलग अक्षरं मिळाली नाहीत तर शेजारचा खांब बघा. एकाच खेपेतले चार-पाच रूळ सहसा एकत्र वापरलेले असतात.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली '60' या आकड्याची. '60 आर' म्हणजे यार्डाला 60 पौंड, मीटरला साधारण 30 किलो, मीटरगेजला चालणारा हलका रूळ. आजच्या ब्रॉडगेजचा '60 किलो' रूळ मीटरला 60 किलो, म्हणजे दुप्पट. अक्षर पुसट असेल तर उंची मोजा. 60 आर सुमारे 114 मिलिमीटर भरतो, 60 किलोचा 172. मधले 90 आर साधारण 143 आणि 52 किलो 156. दुसरी चूक तर्काची. खांबाच्या रुळावर 1898 वाचलं म्हणून शेड 1898 ची ठरत नाही. शेड 1898 च्या आधीची नाही, एवढंच ठरतं. तो रूळ आधी कुठेतरी चाळीस वर्षं गाड्यांखाली राहिला असेल आणि मग खांब झाला असेल. वहीत 'शेड: 1898 नंतर' असंच लिहा.

ओतीव लोखंडावरची आद्याक्षरंही टिपा. वजनकाटा, सिग्नलचा खांब, कुलपं, हद्दीचे दगड यांवर कंपनीची खूण असते. एच.जी.व्ही.आर., एन.जी.एस.आर. आणि एन.एस.आर. या तीन खुणांतल्या पहिल्या दोन 1930 च्या आधीच्या, तिसरी त्यानंतरची. त्यांचा उलगडा पुढे येतो.

शेवटी पाटी. पिवळ्या पाटीवरचं प्रत्येक अक्षर, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि स्टेशनचा कोड उतरवून घ्या. नावातला 'रोड' हा शब्द साधा नाही. मानवत रोड, लातूर रोड या नावांचा अर्थ गाव आत आहे आणि गाडी त्याच्या वाटेवर थांबते. असं नाव दिसलं तर पुढचा प्रश्न लगेच लिहून ठेवा: मार्ग गावाला टाळून का गेला? उत्तर नदी, चढ किंवा सरळ रेषा यांत सापडतं. गावकऱ्यांच्या सांगण्यात ते कुण्या देशमुखाच्या हट्टात सापडतं. दोन्ही लिहा, पण वेगळ्या रकान्यात.

मालक कोण होता ते ठरवा, कागद तिथेच आहेत

मराठवाड्यातली रेल्वे एकाच घरातून आली नाही. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' या नावाने 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड ही सगळी त्याच मार्गावरची. टप्पे वेगवेगळे असल्याने एका स्टेशनची तारीख दुसऱ्याला लावू नका. चालवणारी कंपनी होती 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. 1930 मध्ये ती निजाम सरकारने ताब्यात घेतली आणि 'निजाम्स स्टेट रेल्वे' झाली. वरच्या तीन खुणा या अशा.

लातूरची गोष्ट निराळी. तिथे बार्शी लाइट रेल्वेची 762 मिलिमीटरची नॅरोगेज होती. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी सुरू झालेली ही लाईन पुढे वाढत 1911 मध्ये लातूरला पोचली. कंपनी इंग्लंडची, एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली. 1954 मध्ये भारत सरकारने ती विकत घेतली. त्यामुळे लातूर, मुरुड, ढोकी, येडशी या पट्ट्याचे कागद निजामाच्या दप्तरात शोधत बसलात तर वेळ जाईल.

स्वातंत्र्यानंतरची साखळी अशी. निजाम्स स्टेट रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वेत आली. 2 ऑक्टोबर 1966 रोजी दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि सिकंदराबाद व सोलापूर विभाग तिच्याकडे गेले. सोलापूर 1977 मध्ये मध्य रेल्वेत परतला. नांदेड विभाग 1 एप्रिल 2003 पासूनचा. त्याआधी तो भाग हैदराबाद विभागात होता. म्हणजे परभणीच्या 1960 च्या कागदावर मध्य रेल्वे दिसेल, 1970 च्या कागदावर दक्षिण मध्य, आणि नांदेड विभागाच्या दप्तरात दोन्ही नसण्याचीच शक्यता जास्त. आज लातूर आणि धाराशिव सोलापूर विभागात येतात, तर लातूर रोड आणि उदगीर सिकंदराबाद विभागात. लातूर आणि लातूर रोड नावाने सख्खे भाऊ वाटले तरी झोनसुद्धा वेगळे आहेत, आणि अर्ज चुकीच्या पत्त्यावर जाण्याचं हे नेहमीचं कारण.

निजाम काळातली सरकारी दप्तरं हैदराबादला तारनाका इथल्या राज्य अभिलेखागारात आहेत. गॅरंटीड कंपनी लंडनला नोंदलेली असल्याने तिकडच्या ब्रिटिश लायब्ररीतही कागद आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं आणि तिथूनच सुरुवात करणं स्वस्त पडतं. शोधताना आजची नावं टाकून भागत नाही. इंग्रजी कागदांत नांदेडचं 'नांदेर', बीडचं 'भीर', परळीचं 'पुर्ली' अशी स्पेलिंगं सापडतात, अंबाजोगाई 'मोमिनाबाद' नावाखाली असते. एकेका गावाची चार-पाच स्पेलिंगं करून सगळी टाका.

फसली साल, हाली रुपया आणि मैल

निजामाच्या दप्तरात पहिला अडथळा सालाचा. कागदावर 1310 लिहिलेलं असतं, वाचणारा ते हिजरी समजतो आणि आठ-नऊ वर्षांनी चुकतो. हैदराबाद संस्थानात कारभाराला फसली साल वापरत. ते 1 आजूरला, म्हणजे साधारण 6 ऑक्टोबरला सुरू व्हायचं. महिने ओळीने असे: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहर, आबान. आजूर ते बहमन असेल तर फसली सालात 590 मिळवा, इस्फंदारपासून पुढे 591. कागदावर 'तीर 1310 फ.' असेल तर ते 1901 आलं, महिना मेच्या आसपासचा. बहमन महिना डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर पडतो, म्हणून त्यातली तारीख असेल तर दिवस मोजून बघा. सालापुढे 'फ' आहे की 'हि' आहे, हे भिंग लावून वाचा.

दुसरा अडथळा पैशाचा. संस्थानचा स्वतःचा रुपया होता, हाली शिक्का. ब्रिटिश रुपयाला लोक कलदार म्हणत. अधिकृत हिशेब सात हाली म्हणजे सहा कलदार असा होता; 100 कलदारला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. इमारतीचा खर्च 1,400 रुपये हाली असेल तर तो 1,200 कलदार. रुपया कोणता हे न सांगता आकडा छापला तर दोन कागदांतली तुलना बिघडते, आणि मग 'खर्चात भ्रष्टाचार झाला' असे भलतेच शोध लागतात.

अंतर मैल आणि साखळीत असतं. 80 साखळ्यांचा मैल, मैल म्हणजे 1.609 किलोमीटर. अंतर कुठून मोजलं आहे ते पाहिल्याशिवाय बेरीज करू नका; मालक बदलले तसा शून्याचा दगडही बदलू शकतो.

नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या इंच-मैली पत्रकांचे क्रमांक पाठ असले तर काम सोपं होतं. संभाजीनगर आणि जालना 47 एम मध्ये, परभणी 56 ए, नांदेड 56 ई, लातूर 56 बी. ही एक अंशाची पत्रकं आहेत. त्यांचे सोळा तुकडे करून 56 ए/1 ते 56 ए/16 असे क्रमांक दिलेले असतात. जुनी पत्रकं 1:63,360 प्रमाणाची, नंतरची 1:50,000 ची. दोन काळांची पत्रकं शेजारी ठेवून लाईन सरकली का ते पाहा, आणि नकाशाच्या खालची सूची वाचूनच गेज ठरवा. अमेरिकन लष्कराने 1950 च्या दशकात काढलेले 1:2,50,000 चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नेटवर ठेवले आहेत. ते ढोबळ आहेत, पण फुकट आणि लगेच मिळतात.

रूळ उखडले तरी त्यांची वाट मिटत नाही. लातूरमध्ये आजही 'जुनी रेल्वे लाईन' असा पत्ता सांगतात. नॅरोगेज शहरातून जायची, ब्रॉडगेजचं स्टेशन शहराच्या कडेला आलं. धाराशिवला उलटं झालं. नॅरोगेज येडशीवरून जात होती आणि शहर बाजूला राहायचं. रुंदीकरणात मार्ग वळवला आणि जिल्ह्याच्या गावाला स्टेशन मिळालं. उपग्रहाच्या चित्रात शेतांच्या बांधांना न जुमानता जाणारी लांब, हलकी वळण घेणारी पट्टी दिसली की ती बहुधा जुनी लाईन. रस्ता काटकोनात वळतो, रेल्वे तशी वळू शकत नाही. जागेवर जाऊन दगडी मोरी शोधा. मोरी सापडली तर रुंदी मोजा, कमानीचा दगड पाहा, तिच्यावरचा क्रमांक टिपा.

जमिनीचा कागद हवा असेल तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात गावनकाशा मागा. रेल्वेची हद्द त्यावर स्वतंत्र दाखवलेली असते. सातबाऱ्यापलीकडे जायचं तर मराठवाड्यात 1954-55 ची खासरा पाहणी आणि त्याआधीचा सेतवार या जमिनीच्या जुन्या नोंदी पाहा. जमीन कोणत्या गटातून गेली आणि खातेदार कोण होता, हे तिथे कळतं. जिवंत कुटुंबांची नावं छापण्याआधी त्यांना विचारा. मोबदल्याचे वाद तीन पिढ्या चालू असतात.

माहिती अधिकारात काय मागायचं, कसं मागायचं

केंद्राच्या पोर्टलवर अर्ज करता येतो, शुल्क 10 रुपये. अर्ज 500 शब्दांच्या आत ठेवा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. ए-4 प्रतीला पानामागे 2 रुपये. कागद जागेवर पाहायचे असतील तर पहिला तास फुकट, पुढे तासाला 5 रुपये. आमचा सल्ला पाहणीचाच. फाईल समोर आली की आपण जे मागितलंच नव्हतं तेही दिसतं.

'स्टेशनचा इतिहास द्यावा' असं लिहू नका. त्याला 'अशी माहिती संकलित नाही' हे एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते कायद्याने बरोबरही असतं. कागदाचं नाव घेऊन मागा:

'अमुक स्टेशनचा सर्वात जुना उपलब्ध यार्ड प्लॅन व इमारतीचा कंप्लीशन प्लॅन. या स्टेशनच्या संचालन नियमांच्या जुन्या आवृत्त्यांची यादी, प्रत्येकीच्या लागू तारखेसह. या खंडाच्या गेज रूपांतरणानंतर प्रवासी वाहतूक सुरू करण्यास रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी दिलेल्या परवानगीचे पत्र. स्टेशनच्या हद्दीतील पुलांच्या नोंदवहीतील बांधकाम वर्षाचा रकाना.'

शेवटची ओळ विसरू नका. इमारतीचे कागद हरवतात, पुलाची नोंदवही मात्र जपावीच लागते, कारण दरवर्षी पुलाची तपासणी होते. शेजारच्या मोरीचं बांधकाम साल मिळालं की मार्गाचं सालही त्याच्या आसपास बसतं. यार्ड प्लॅन सुरक्षिततेच्या कारणाने नाकारला तर भांडत बसू नका. चालू प्लॅन सोडून रद्द झालेला मीटरगेजचा मागा. अर्ज चुकीच्या विभागाकडे गेला असेल तर कलम 6(3) खाली त्यांनी पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील.

हॉल्टसाठी वेगळी वाट धरा. हॉल्टवर स्टेशन मास्तर नसतो, तिकिटं कमिशनवरचा एजंट विकतो, आणि हिशेब जवळच्या मोठ्या स्टेशनाच्या खात्यात जमा होतो. हॉल्टची मंजुरी वाणिज्य शाखेच्या फाईलीत असते, इंजिनिअरिंगच्या नव्हे.

माणसांकडून तारीख काढण्याची रीत

साल विचारू नका. साल कुणाला आठवत नाही, आणि आपण रेटलं की समोरचा सौजन्याने काहीतरी सांगून मोकळा होतो. खुणेची घटना धरून आधी की नंतर, एवढंच विचारा. मराठवाड्यात या खुणा पक्क्या आहेत: पोलीस ॲक्शन (सप्टेंबर 1948), बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप (30 सप्टेंबर 1993), विद्यापीठाचं नामांतर (14 जानेवारी 1994), लातूरला पाण्याची रेल्वे (एप्रिल 2016). 'छोटी लाईन बंद झाली तेव्हा भूकंप होऊन गेला होता का?' या प्रश्नाला माणूस क्षणभर थांबतो आणि बरोबर उत्तर देतो. मनमाड-परभणी-नांदेड पट्ट्यातलं रुंदीकरण 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात झालं, तर पूर्णा-अकोलाचं 2008 मध्ये पुरं झालं. म्हणून हिंगोली-वसमतकडे हाच प्रश्न विचारताना खूण बदला.

भेटायचं कुणाला? स्टेशन मास्तरांची दर काही वर्षांनी बदली होते, त्यांच्याकडे नियम मिळतात, आठवणी कमी. आठवणी असतात निवृत्त गँगमन (रुळांची देखभाल करणारे), पॉइंट्समन (गाडीचा रूळ बदलून देणारे), हमाल आणि स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे. पूर्ण्यासारख्या रेल्वेच्या गावात कॉलनीतल्या जुन्या क्वार्टरांपासून सुरुवात करा. पॉइंट्समनला टोकनच्या गोळ्याबद्दल विचारा. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनशी जोडलेल्या यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, तो वेताच्या कड्याला अडकवलेल्या पिशवीतून चालत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. तो हातात असल्याशिवाय गाडी पुढच्या खंडात जाऊ शकत नव्हती. यंत्र कुठल्या खोलीत होतं, कोणत्या भिंतीला, हे विचारलंत की खोल्यांचा जुना वापर आपोआप बाहेर येतो.

बाजाराबद्दलही बोला. मराठवाड्यातल्या बऱ्याच शहरांत स्टेशन, जिनिंग-प्रेसिंग आणि मोंढा (घाऊक बाजार) हे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि ते उगाच नाही. कापसाच्या गाठी बैलगाडीने जितक्या कमी न्याव्या लागतील तितकं बरं. मालधक्का बंद कधी झाला, शेवटच्या वॅगनीत काय होतं, हमालांच्या टोळ्या कुठून यायच्या, हे अडत्याला विचारा. रुंदीकरणाच्या मागणीसाठी वर्तमानपत्रांच्या फाईली चाळा. गोविंदभाई श्रॉफ यांच्या मराठवाडा जनता विकास परिषदेने ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली होती, आणि मोर्चे, निवेदनं, मंत्र्यांची आश्वासनं सगळं छापून आलेलं आहे. आश्वासनाची तारीख मात्र उद्घाटनाची म्हणून उतरवू नका. ही चूक इतक्यांनी केली आहे की वर्तमानपत्राच्या प्रत्येक कात्रणावर 'घोषणा', 'पायाभरणी', 'चाचणी' किंवा 'प्रवासी गाडी' असा शिक्काच मारलेला बरा.

नाव, आणि आत्ता नाहीशा होणाऱ्या गोष्टी

शहराचं नाव बदललं त्या दिवशी स्टेशनचं नाव बदलत नाही. छत्रपती संभाजीनगर हे शहराचं नाव 2023 मध्ये लागू झालं, स्टेशनच्या पाटीवर ते ऑक्टोबर 2025 मध्ये आलं, आणि एडब्ल्यूबी हा कोड जाऊन सीपीएसएन आला. मधल्या काळातल्या तिकिटावर जुनंच नाव असेल; ते तिकीट खोटं ठरवू नका. जालन्याचा कोड मात्र 'जे' हे एकच अक्षर आहे. असे कोड देशात थोडेच.

अमृत भारत स्टेशन योजनेत 6 ऑगस्ट 2023 रोजी देशभरातल्या 508 स्टेशनांची पायाभरणी झाली. तुमच्या स्टेशनावर पत्र्यांची आडोसेबंदी दिसायला लागली असेल तर अभिलेखागाराची फेरी पुढे ढकला आणि आधी फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही टोकांकडून, आणि प्रत्येक चित्रात मापासाठी मीटरची पट्टी उभी धरून. फाईलीच्या नावात स्टेशन, दिशा आणि तारीख घाला: 'परतूर-उत्तर-20260114'. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो मूळ समजू नका, त्यात आकार आणि तारीख दोन्ही जातात.

बीडचं काम सगळ्यात सोपं आहे, कारण तिथे अजून काही हरवलेलं नाही. 17 सप्टेंबर 2025 रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, बीड-अहिल्यानगर प्रवासी गाडी सुरू झाली. पण चाचणीच्या गाड्या त्याआधी धावल्या होत्या, म्हणजे शंभर वर्षांनी 'पहिली गाडी कधी आली' यावर तिथेही तीन उत्तरं निघणार. लागू असतील त्या ओळी आताच भरून ठेवा आणि तारखा वेगवेगळ्या लिहा: चाचणी वेगळी, प्रवासी गाडी वेगळी, परळीपर्यंतचा उरलेला मार्ग खुला होईल ती तारीख वेगळी. पाटी, वेळापत्रकाचा फलक, तिकीट खिडकी यांचे फोटो घ्या. पहिल्या दिवसांची तिकिटं कुणाकडे असतील तर स्कॅन आजच करा. थर्मल कागदावरची अक्षरं एका उन्हाळ्यातही उडू शकतात.